डोक्याचं ताट

माझा नातू दाउरेन लग्नाच्या वयाचा झाला, भातखाचरांचे पंप त्याचा हात ओळखतात, हाताखाली माणसं राबतात. पण या पठ्ठ्याला चार लोकांत बसून घास गिळता येत नाही. घरी माझ्यासमोर बसला की परात रिकामी करतो. हाड असं चोखतो की नंतर कुत्रंसुद्धा ते हुंगून परत जातं. तोच शहरात गेला, खानावळीची पाटी दिसली, की तोंड राखेसारखं होतं. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी उपाशी परत येतो आणि चुलीपाशी उभ्याउभ्याच रोटी मोडून तोंडात कोंबतो. काय म्हणायचं याला? भुतानं धरलेला उंट बरा, तो निदान ओरडतो तरी.

बरं, खोटं तरी धड बोलावं. औषधाच्या दुकानातली मोल्दिर नावाची मुलगी त्याला आवडली. ती बिचारी दुपारच्या सुट्टीत म्हणाली, चल, काहीतरी खाऊ. हा म्हणाला, माझा रोजा आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, पुन्हा रोजा. रमजान कुठल्या कुठे, आणि याचे रोजे चालूच! मुलीनं घरी जाऊन सांगितलं की मुलगा फार धर्माचा आहे. तिचा बाप झुमागाली, त्यानं ते अख्ख्या आळीला सांगितलं. माझ्या कानावर आलं तेव्हा मी चहाच्या सामोवारला कोळसा घालत होते. म्हटलं, "वा रे वा, आमच्या घरात वली-अवलिया जन्माला आला आणि मलाच पत्ता नाही."

दाउरेन म्हणाला, "आजी, हसू नकोस."

"हसू नको तर काय करू? शुक्रवारी मशिदीत तू बूट सांभाळायला जातोस तेवढाच तुझा धर्म."

पण हसणं तिथंच थांबलं, कारण झुमागालीचा निरोप आला. सोयरीक मान्य आहे, वसंताचे वारे सुरू झाले की या, जेवण शहरात बाजारामागच्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये ठेवलंय. आणि जावयालाही आणा. आमच्यात खरं तर अशा बैठकीला नवरदेव जात नाही, बाप जातो. पण दाउरेनचा बाप नाही, आणि झुमागालीचा हट्ट असा की, "मला त्याला जेवताना बघायचंय. माणूस कसा खातो त्यावरून तो कसा आहे ते कळतं."

रेस्टॉरंटचं नाव ऐकलं आणि माझ्या सुनेच्या, दाउरेनच्या आईच्या, कुल्यानच्या हातातली काचेची वाटी खाली पडली. फुटली नाही. फुटली असती तर बरं झालं असतं, काच फुटली की संकट टळतं म्हणतात. ती नुसती गोल गोल फिरत राहिली आणि दाउरेनच्या पायाशी जाऊन थांबली.

तीच जागा होती ती. तिथंच सगळं झालं होतं.

सांगते. माझा दीर अब्दिराश, त्याच्या साठीचं जेवण तिथं होतं. दाउरेन तेव्हा मिसरूड फुटायच्या बेतात. माझा मुलगा ओराझ, दाउरेनचा बाप, पाहुण्यांना घ्यायला दाराशी गेला होता आणि पोरगं बापाच्या खुर्चीवर टेकलं होतं. त्याच वेळी वाढणारी आली. शहरातली मुलगी, नवी असावी, तिला काय कळतंय. तिनं मेंढीच्या डोक्याचं ताट आणलं आणि खुर्ची बघून ठेवलं. डोकं ओराझनं कापायचं ठरलं होतं, माझा नवरा कधीच गेलेला; तिनं कुणाची खुर्ची ते पाहिलं, खुर्चीत कोण ते नाही.

डोकं कुणापुढं ठेवायचं हे आमच्यात लहान मुलालाही माहीत असतं. मानाच्या माणसापुढं. आणि ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं त्याला सुरी लावायची नाही, कितीही मोठा असला तरी. बाप असताना डोकं कापणं म्हणजे बापाची जागा रिकामी मागणं. पण कान मात्र पोरांचे असतात, कापणारा मोठा माणूस ते पोरांना वाटतो. दाउरेनला भूक लागलेली. समोर डोकं, शेजारी सुरी, आणि त्याच्या मनात एवढंच की कान तर आपलाच. त्यानं कान कापला आणि तोंडात टाकला.

अब्दिराश टेबलाच्या टोकावरून ओरडला, "ए! बाप जिवंत आहे ना तुझा? बापाला गिळायला बसलास का?"

गाणारी बाई गाता गाता थांबली. शेजारच्या टेबलांवरचे, ज्यांना आमच्याशी घेणंदेणं नाही ते लोकही वळून बघू लागले. खांबाखांबाला आरसे होते तिथं. त्यामुळं जेवढी माणसं होती त्याच्या दुप्पट डोळे. आणि पोरगं मधोमध, गालात कान धरून. गिळताही येईना, थुंकताही येईना. ओराझ आत आला, त्यानं पाहिलं आणि हसला. "काका, पोराचा कान पोरानं घेतला, त्यात काय!" असं म्हणून त्यानं दाउरेनच्या डोक्यावर टपली मारली.

त्याच हिवाळ्याच्या अखेरीस ओराझ चाऱ्याचा ट्रक घेऊन गोठलेल्या सिरदर्या नदीवरून येत होता. सगळेच जातात. बर्फ फुटला. सिरदर्यानं माणूस परत दिला, तो दोन गावं खाली, बर्फ वितळल्यावर.

दफनाच्या दिवशी अब्दिराश आमच्या अंगणात उभा राहून कुणालातरी हळू आवाजात म्हणाला, "मी त्या दिवशीच बोललो होतो." हळू, पण दाउरेन त्याच्यामागंच पाण्याचा हंडा घेऊन उभा होता.

तेव्हापासून हे असं. घरात खातो, कारण घरात त्याच्यापुढं काय ठेवायचं ते मी ठरवते. बाहेर गेला की वाटतं सगळे आपल्याच तोंडाकडं बघताहेत, आत्ता कुणीतरी ओरडेल. लाजाळू म्हणून लोक सोडून देतात. लाज नाही ती. भीती आहे.

आणि आता मुलीकडचे त्याला जेवताना बघणार. आमची सोयरीक कागदावर होत नाही, ताटावर होते. शेपटीची चरबी आणि कलेजी एकत्र कापून दोन्ही घरांनी एकमेकांना भरवायची. पुढं कधी भांडण झालं तर मोठी माणसं एकच विचारतात, चरबी-कलेजी खाल्ली होती का? खाल्ली असेल तर मुलगी तुमची. नाही खाल्ली तर नातं नाही. आणि पुढं ठेवलेलं न खाता जो उठला, तो त्या घराच्या उंबऱ्यावर थुंकला असं समजायचं.

मी ठरवलं, याला शिकवायचं. घोड्याला पाण्याची भीती असेल तर एकदम नदीत घालत नाहीत, आधी डबक्यात उभा करतात.

हमरस्त्यावर ट्रकवाल्यांची खानावळ आहे. बाजाराच्या दिवशी मी त्याला तिथं नेलं. तो भिंतीला पाठ लावून बसला, नजर दारावर. मी नुसता चहा मागवला. त्यानं कप उचलला आणि तसाच बशीत ठेवला.

"आजी, तो माणूस बघतोय."

"कोण, तो मिशीवाला? त्याला स्वतःच्या मिशीतल्या शेवया दिसत नाहीत, तुझं तोंड काय दिसणार! पी."

त्यानं प्यायला. घोट घशाखाली उतरताना दगड उतरावा तसा उतरला. पण प्यायला. मी खुशीत घरी आले, तर फाटकाशी आमचा म्हातारा कुत्रा मरून पडलेला. तोंड वाऱ्याकडं, डोळे उघडे.

दाउरेननं माझ्याकडं पाहिलं.

"तो तुझ्यापेक्षा म्हातारा होता," मी म्हटलं, "माणसाच्या हिशेबानं माझ्याएवढा. जा, फावडं आण."

पुढच्या बाजाराला त्यानं समोसा खाल्ला, चरबी-कांद्याचा, अर्धा. त्या आठवड्यात शेजारच्या काळ्या घोडीचं शिंगरू मेलेलं जन्मलं. रात्रभर अंगणात त्याची पावलं फिरताना मी ऐकली. मनात जुळवत होता. चहाला कुत्रा, समोशाला शिंगरू. मी ओरडले, "अरे मूर्खा, तू जेवलास म्हणून जग मरायला लागलं तर जगाला तुझ्याशिवाय काम नाही का?" ओरडले खरी, पण अंथरुणावर पडल्या पडल्या मीच अशुभ टळावं म्हणून तीनदा उजव्या-डाव्या खांद्यावर थुंकले. तोंडानं काहीही बोलावं, छातीला आपलं वेगळंच ऐकू येतं.

तिसऱ्या बाजाराला तो आख्खी थाळी जेवला, लांब शेवयांची, मटणासकट. घाम पुसत, मान खाली घालून, पण जेवला. शेवटी रोटीनं थाळी पुसली आणि माझ्याकडं बघून हसला. ओराझसारखा हसला. आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या बरगडीखाली कुणीतरी सुरी फिरवावी तसं झालं.

ते पहिल्यांदा होत नव्हतं. थंडी पडली तेव्हापासून होत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. नुसती भाकरीची कड खायची आणि बाकीचं लपवून कुत्र्याला घालायचं, असं चाललं होतं. म्हणून तर मेला लठ्ठ होऊन मेला. कातडी पिवळी दिसते म्हणून मी डोक्याचा रुमाल पुढं ओढून बांधत होते. मग एक दिवस लोकर विकायला जाते असं सांगून इस्पितळात जाऊन आले. डॉक्टरीण तरुण होती, माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत होती. म्हणाली, "आजी, तुमच्याबरोबर कोण आलंय?"

"मी आलेय ना. बोल."

यकृतात गाठ. मोठी. राजधानीला नेलं तर बघता येईल, पण या वयात ती स्वतः नेणार नाही, असंही म्हणाली. प्रामाणिक पोरगी. मी विचारलं, "उन्हाळ्याच्या अखेरीला टरबुजं पिकेपर्यंत?" ती कागदावर शिक्का मारायला लागली. त्यातच उत्तर आलं.

मरणाचं मला काही नाही. मरण आलं तर मी त्याला आधी बूट काढायला लावीन. पण बसमध्ये बसल्यावर मला दुसऱ्याच विचारानं धरलं. वसंतात दाउरेन त्या रेस्टॉरंटमध्ये जाणार. आता त्याचा बाप नाही, कुणी डोकं त्याच्यापुढं सरकवलं तर नाही म्हणायला कारण नाही. तो सुरी लावणार, पहिला तुकडा गालाचा कापायचा असतो. आणि टरबुजं पिकायच्या आत मी जाणार. मग हे पोर आयुष्यात पुन्हा कुणाच्या ताटाला हात लावेल? बाप एका कानानं गेला, आजी एका गालानं गेली. सासरी जेवणार नाही, सोयऱ्यांत जेवणार नाही, उद्या स्वतःच्या मुलाच्या बारशाला दाराबाहेर उभा राहील.

मी देवाकडं एवढंच मागितलं की डोकं अब्दिराशपुढंच राहू दे.

जायच्या दिवशी सकाळपासून वारा होता. सुकलेल्या समुद्राकडून येतो तो, खारट, पांढरा. आभाळ दुधात राख कालवल्यासारखं. अब्दिराश पुढं बसला, कुल्यान आणि मी मागं, दाउरेन गाडी चालवत होता. पुलावरून जाताना खाली नदी दिसली. बर्फ फुटून त्याच्या लाद्या एकमेकींवर चढत होत्या आणि दात खाल्ल्यासारखा आवाज येत होता.  अब्दिराशनं खाकरून काच वर केली.

तेच खांब. तेच आरसे. टेबलं वेगळी होती, पण बसायला दाखवली ती जागा तीच, खिडकीकडची. झुमागाली दाराशी आला, मोठा, लाल, मिठी मारून बरगड्या मोडणारा माणूस. मी श्वास रोखून धरला. मोल्दिर चहाच्या टेबलामागं उभी होती, दाउरेनला बघून खाली बघत हसली. चांगली मुलगी. चहा अर्धा कपच ओतत होती, म्हणजे पाहुण्यांनी थांबावं, पुन्हा पुन्हा मागावा. तिला वळण होतं.

दाउरेननं चहा घेतला. रोटीचा तुकडा मोडला, चावला. कपाळावर घाम, पण चावला. मी मनात म्हटलं, चल माझ्या राजा, डबक्यातून नदीत आलास.

मग दार उघडलं आणि डोक्याचं ताट आलं.

झुमागालीनं दोन्ही हातांनी ते अब्दिराशपुढं ठेवलं, मुस्कट त्याच्याकडं करून. अब्दिराशनं हात पसरून आशीर्वाद म्हटला. सुरी उचलली. मी डोळे मिटणार होते. तेवढ्यात त्यानं सुरी खाली ठेवली.

"मी म्हातारा झालो," तो म्हणाला. "आमच्या घराचा कर्ता आता हा आहे. त्याला बाप नाही. सुरी त्यानं धरावी." आणि त्यानं ताट फिरवलं. मुस्कट दाउरेनकडं.

त्यानं हे खुन्नस म्हणून केलं की चांगल्या मनानं, मला अजून कळलं नाही. आमच्या पुरुषांना माफी मागायची नसली की ते मान देतात.

दाउरेनचे हात टेबलाखाली गेले. डोकं त्याच्याकडं बघत होतं आणि तो डोक्याकडं. तेवढ्यात गाणं संपलं. संपायचीच वेळ झाली होती, पण संपलं. पलीकडच्या टेबलावर कुणाचा तरी चमचा पडला आणि तिकडची माणसं वळली. आरशांत सगळीकडं तोंडंच तोंडं.

"काय जावई, आजही रोजा की काय?" झुमागाली हसला. त्याच्याकडचे हसले, पण पातळ. त्याच्या थोरल्या भावानं हातातला कप टेबलावर ठेवला आणि पालथा घातला, म्हणजे आता बैठक पुरे.

दाउरेनची खुर्ची मागं सरकली. तो माझ्या कानाशी वाकला. श्वास गरम होता. "आजी, मी नाही लावणार सुरी. तुझा रंग मला दिसत नाही असं वाटतं का तुला? कुत्र्याला कोण जेवू घालत होतं तेही मी बघितलंय. मी कापलं आणि तू... नाही. मोडू दे सोयरीक."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मी इतके दिवस रुमाल ओढत होते, आणि हे कार्टं बघत होतं.

"बस खाली," मी म्हटलं.

"आजी..."

"बस म्हणते ना!"

तो बसला. मी टेबलाला धरून उभी राहिले. कुल्याननं माझी बाही ओढली, मी तिचा हात झटकला.

"व्याही," मी म्हटलं, आणि आवाज एवढा लावला की पलीकडच्या टेबलांनाही जावा, "तुमच्या घरचं शुभकार्य, मी त्यात अशुभ बोलणार आहे. शिव्या नंतर द्या, आधी ऐका. माझ्या यकृतात गाठ आहे. डॉक्टरनं हिवाळ्यातच सांगितलंय. ही मेंढी अजून रानात चरत होती तेव्हापासून ती माझ्या पोटात आहे. टरबुजं मी बघीन की नाही, माहीत नाही. उद्या मी गेले आणि कुणी तोंड उघडलं की नातवानं सुरी लावली म्हणून आजी मेली, तर इथं बसलेल्या प्रत्येकानं उठून सांगायचं, की नाही, म्हातारी आधीच मरायला टेकली होती, आम्ही तिच्याच तोंडून ऐकलंय."

कुल्याननं तोंडावर हात दाबला. मोल्दिरच्या हातातल्या किटलीतून चहा टेबलावर सांडत राहिला, ती किटली सरळ करायचीच विसरली.

"वहिनी," अब्दिराश कुजबुजला, "ही काय वेळ आहे का..."

"तू याच जागी ओरडला होतास, अब्दिराश. मी आज बोलले. फिटलं."

तो खाली बघायला लागला. पहिल्यांदाच बघितलं मी त्याला खाली बघताना.

झुमागाली उठला. मला वाटलं, आता हाकलतो. त्यानं सुरी उचलली, पात्याकडून धरली आणि मूठ दाउरेनपुढं केली. "पोरा," एवढंच म्हणाला, "ताट थंड होतंय."

दाउरेननं सुरी घेतली. "बिस्मिल्ला" म्हणताना आवाज फाटला. पातं हाडावर घसरलं, पुन्हा लागलं. उजव्या गालाचा तुकडा निघाला, एका बाजूनं जाड, एका बाजूनं चिंधी. त्यानं तो तोंडात घातला. सगळे बघत होते. या वेळी खरंच सगळे बघत होते, त्याला नुसतं वाटत नव्हतं. चावायला त्यानं एवढा वेळ लावला की मला वाटलं पुन्हा तेच, गालात धरून बसणार. मग गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

त्यानं एक कान कापून त्यांच्याकडच्या छोट्या मुलीला दिला. दुसरा कान धरून क्षणभर थांबला आणि तो स्वतःच्या ताटात ठेवला. मग आणखी एक तुकडा कापून माझ्या तळहातावर ठेवला.

मी महिनाभर मांस तोंडात घातलं नव्हतं. बाहेर वाऱ्यानं खिडकीवर मूठभर वाळू फेकली आणि आतला उजेड पिवळा झाला. बरगडीखालची सुरी वळली. मी चावलं, गिळलं, आणि ते खाली राहावं म्हणून दात घट्ट मिटून बसले. चरबी-कलेजीचं ताट आत येत होतं. दाउरेन माझ्याकडं बघत होता, मी आत्ता पडते की मग पडते असं बघत होता. मी पडले नाही. मी त्याला म्हटलं, आणि सगळ्यांसमोर म्हटलं,

"गाल वाकडा कापलास. तुझा बाप पातळ कापायचा. त्याला नदीनं नेलं, मला ही गाठ नेईल, तू काय खाल्लंस ते विचारायला दोघींपैकी कुणी आलं नव्हतं. इतकी वर्षं मोठा पापी म्हणून मिरवलास. नुसता उपाशी आहेस तू, दुसरं काही नाही. आता ती कलेजी खा. आणि मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण इथंच ठेव, याच टेबलावर, डोकं तूच काप. तेवढं तोवर सुरी नीट धरायला शीक."